मुंबई विद्यापीठाचे नामवंत पदवीधर : चरित्रनोंद लिहिताना पदवी, सन आणि नाव कसं तपासायचं?

जीर्णपत्र

मुंबई विद्यापीठाच्या नामवंत पदवीधरांच्या ज्या याद्या फिरतात, त्यांत पहिल्या पाचात दादाभाई नौरोजी हमखास असतात. विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ ला. दादाभाईंचं शिक्षण त्याच्या बऱ्याच आधी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झालेलं, तिथेच गणित शिकवूनही झालेलं, आणि विद्यापीठाचा कायदा झाला तेव्हा ते लंडनमध्ये व्यापारात होते. त्यांना विद्यापीठाची परीक्षा द्यायला विद्यापीठच नव्हतं! डॉ. भाऊ दाजी लाड यांचंही तेच. ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, त्यांचं प्रमाणपत्र कॉलेजचं. नाना शंकरशेट विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी होते, म्हणून त्यांनाही कोणीतरी पदवीधर करून टाकतं. त्या काळी फेलो म्हणजे सिनेटचा, विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या सभेचा, सदस्य. पदवीशी त्याचा संबंध नाही.

तेव्हा या धाग्यात प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर पाच गोष्टी आधी द्याव्यात : परीक्षेच्या वेळचं पूर्ण नाव, पदवी, कॉलेज, परीक्षेचं साल, पदवीदानाचं साल. त्याखाली आयुष्य. उलट क्रमाने लिहायला घेतलं की मोठेपणाच्या भरात पदवी मागाहून चिकटवली जाते आणि चुका तिथेच शिरतात.

सुरुवात १८६२ पासून करतो. बी.ए.च्या पहिल्या परीक्षेत चौघे उत्तीर्ण झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. वागळे वकिलीत गेले, मोडक शिक्षणखात्यात. चौघांचाही प्रार्थना समाजाशी संबंध आला, हे त्यांची चरित्रं सुटी सुटी वाचताना ध्यानात येत नाही.

भांडारकर १८३७ चे, मालवणचे. रानडे १८४२ चे, निफाडचे. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या या दोघांत साडेचार वर्षांचं अंतर होतं. भांडारकर १८६३ ला एम.ए. झाले. रानडे १८६४ ला एम.ए. आणि १८६६ ला एल्‌एल.बी. रानड्यांच्या नोंदीत एल्‌एल.बी. बहुतेक वेळा गाळली जाते. ती गाळली की सरकारी नोकरीतला हा माणूस न्यायखात्यात चढत कसा गेला, याचा दुवाच तुटतो.

एक जोड मात्र दोघांच्या नोंदींत एकत्र द्यायला हवी. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले, आणि त्याच वेळी ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्तीही होते. १ सप्टेंबर १८९३ ला ते वारले, वय जेमतेम ४३. रिकाम्या झालेल्या दोन खुर्च्यांपैकी हायकोर्टाची रानड्यांकडे गेली आणि कुलगुरूपदाची भांडारकरांकडे. पहिल्या चौघांतले दोघे, एकाच वर्षी, एकाच माणसाच्या जागी.

सनावळीवाला

धागा उत्तम. वाचनखूण साठवली.

पाचांतला जो रकाना सगळ्यात जास्त भांडणं लावतो, तो सालाचा. जुन्या मुंबई विद्यापीठात परीक्षा वर्षाच्या अखेरीस आणि पदवीदान पुढल्या वर्षाच्या आरंभी, असं पुष्कळदा असे. त्यामुळे एकाच पदवीला दोन सालं लागतात आणि दोन्ही खरी असतात. टिळकांची बी.ए. कुठे १८७६ तर कुठे १८७७ छापलेली दिसते. एल्‌एल.बी. कुठे १८७९, कुठे १८८०. आंबेडकरांची बी.ए. १९१२ की १९१३, हाही वाद याच जातीचा. यात कोणा चरित्रकाराला खोटं ठरवायची गरज नाही. 'परीक्षा' आणि 'पदवीदान' असे दोन वेगळे रकाने केले की निम्मे वाद तिथेच मिटतात.

आंबेडकरांच्या नोंदीत खरा गोंधळ पुढे आहे. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर ते बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले. कोलंबियातून १९१५ ला एम.ए. तिथल्या पीएच.डी.ला काही ठिकाणी १९१७ साल दिलेलं असतं, काही ठिकाणी १९२७. प्रबंध मान्य झाला १९१७ मध्ये, पण कोलंबियाच्या नियमाप्रमाणे तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. पुस्तक १९२५ मध्ये निघालं आणि पदवी हाती आली १९२७ ला. मधल्या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्‌सी. (१९२१) आणि डी.एस्‌सी. (१९२३) होऊन गेलेली. म्हणजे नंतर लिहिलेल्या प्रबंधाची डॉक्टरेट आधी मिळाली. क्रम मांडताना 'मान्य' आणि 'प्रदान' हे शब्द जपून वापरा, नाहीतर वाचकाला वाटतं नोंदकर्त्यानेच सालं उलटीपालटी केली.

शाळेतली एक बाब पदवीच्या नोंदीतही यायला हवी. आंबेडकरांना संस्कृत घ्यायचं होतं, ते नाकारलं गेलं, म्हणून दुसरी भाषा फारसी. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने शिकून घेतलं. 'फारसीचे विद्यार्थी' एवढंच लिहून सोडणं म्हणजे कारण गिळून परिणाम छापणं.

तळटीप

सहमत. आता स्त्रियांच्या नोंदींकडे वळू, कारण तिथे चुका वेगळ्या आहेत.

पहिली चूक 'पहिली' या शब्दाची. कॉर्नेलिया सोराबजी (जन्म नाशिक, १८६६) या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. साल १८८७ की १८८८, ते वरच्या प्रतिसादातल्या रकान्यांनी सुटेल. पण 'भारतातील पहिली स्त्री पदवीधर' हे विधान त्यांच्या नावावर घालू नये. चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी गांगुली १८८३ मध्येच कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या होत्या. विद्यापीठातली पहिली, इलाख्यातली पहिली, देशातली पहिली : तीन वेगळी विधानं, आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो.

कॉर्नेलियांच्या नोंदीत पदवीच्या सालांचाच एक अख्खा इतिहास आहे. त्यांच्या निकालावर विलायतेतल्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, ती बाई म्हणून मिळाली नाही. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवलं. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले तेव्हा १८८९ ला त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पोचल्या. १८९२ मध्ये खास परवानगीने कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. पदवी मात्र नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. भारतात परत येऊन १८९७ ला त्या मुंबई विद्यापीठाच्या एल्‌एल.बी. परीक्षेला बसल्या, १८९९ ला अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. तरीही वकील म्हणून कोर्टात उभं राहता येईना.

मग १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, पडद्यातल्या जमीनदार स्त्रियांच्या आणि अनाथ वारसांच्या मालमत्तेचं काम. या बायकांना पुरुष वकिलाला भेटता येत नसे, आणि भेटू शकणाऱ्या बाईला सनद नसे. ही कोंडी त्यांच्या साऱ्या कामामागे आहे. ऑक्सफर्डची पदवी हातात पडली १९२२ ला, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी. नोंदीत नुसतं 'बी.सी.एल., १८९२' लिहिलं तर ही तीस वर्षं पुसली जातात.

दुसरी चूक नावाची. डॉ. कमला सोहोनी यांना १९३३ च्या बी.एस्‌सी.च्या यादीत 'सोहोनी' म्हणून शोधलंत तर सापडणार नाहीत. त्या तेव्हा कमला भागवत, दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण. विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांचा अर्ज मुलगी म्हणून आधी नाकारला आणि मग अटी घालून प्रवेश दिला. एक वर्ष परीक्षेवर ठेवल्यासारखं. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी वर काम करून १९३९ ला पीएच.डी. लग्न १९४७ मध्ये. म्हणजे सगळ्या पदव्या माहेरच्या नावाने आणि नंतरची मुंबईतली कारकीर्द सासरच्या. माथ्यावर दोन्ही नावं दिलीच पाहिजेत.

इरावती कर्वे तशाच : करमरकर, फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. (१९२६), मग गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. (१९२८). जन्म ब्रह्मदेशातला, म्हणून शाळेचे कागद 'जन्मगावी' शोधत बसण्यात अर्थ नाही. त्या लहानपणीच पुण्याला शिकायला आलेल्या.

अभ्यासिका

@तळटीप, कमलाबाईंच्या नोंदीत 'विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' हे वाक्य घालणार का? सगळीकडे तसंच आहे.

तळटीप

घालणार नाही, किंवा घातलंच तर शब्द मोजून. ई. के. जानकी अम्मल यांना वनस्पतिशास्त्रात मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ लाच मिळाली होती. आसिमा चॅटर्जी यांची १९४४ ची डी.एस्‌सी. भारतीय विद्यापीठाची, तिथे 'पहिली' आणखी वेगळ्या अर्थाने येतं. मी 'केंब्रिजची पीएच.डी., १९३९' एवढंच लिहीन. कमलाबाईंचं मोठेपण त्या विशेषणावाचून काही उणं होत नाही.

वऱ्हाडी_पाव्हणा

बाप्पा, तुमच्या धाग्यात विदर्भ-मराठवाडा येऊन राहिला का नाही? मुंबई विद्यापीठ म्हणजे महाराष्ट्राचं जुनं विद्यापीठ असं धरून लोक नागपूरच्या माणसालाही मुंबईत कोंबतात. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. त्याआधी मध्य प्रांतातली कॉलेजं पहिले कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली. नागपुरात शिकलेल्या १९१५ च्या पदवीधराची नोंद अलाहाबादच्या यादीत पाहायची. मराठवाडा निजामाकडे, म्हणून तिथली मुलं उस्मानियाकडे. तिथलं विद्यापीठ १९५८ ला आलं.

आणि उलटंही आहे. कराची, धारवाड, अहमदाबाद, बडोदा इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठात होती. मुंबईच्या यादीतला सिंधी किंवा कानडी माणूस पाहून 'हा इथे कसा' म्हणून त्याला काढू नका.

जीर्णपत्र

@वऱ्हाडी_पाव्हणा, हा मुद्दा शीर्षकालाच चिकटवायला हवा होता. यातून नियम असा निघतो : पदवी ज्या विद्यापीठाने दिली त्याच्याकडे नोंद, कॉलेज आज कोणाकडे आहे ते बघायचं नाही.

पुणे विद्यापीठ फेब्रुवारी १९४९ चं. त्याआधीचे डेक्कन, फर्ग्युसन, स. प. सगळे मुंबईचे. टिळक, आगरकर पुण्यात शिकले म्हणून त्यांना 'पुणे विद्यापीठाचे माजी विद्यार्थी' म्हणणं हा सरळ कालविपर्यास. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, अमरावती १९८३, जळगाव १९९०, नांदेड १९९४, सोलापूर २००४, गडचिरोलीचं गोंडवाना २०११. प्रत्येक फुटीला जुन्या पदवीधरांची ओढाताण होते.

प्रतिभाताई पाटील यांचं उदाहरण घ्या. एम.ए. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून, जे तेव्हा पुणे विद्यापीठाला जोडलेलं होतं. कायद्याची पदवी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून, म्हणजे मुंबई विद्यापीठाची. जळगावचं विद्यापीठ तेव्हा अस्तित्वातही नव्हतं. तरी तिन्ही विद्यापीठांच्या चाहत्यांनी त्यांना आपापल्या यादीत घेतलेलं दिसेल. नोंद दोनच ठिकाणी व्हावी.

टॉवरखाली

डॉक्टर आणि इंजिनियर यांचा पेच राहिला. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला १९९८ मध्ये आलं. त्याआधीचं एम.बी.बी.एस. मुंबई, पुणे, नागपूर अशा पारंपरिक विद्यापीठांचं. माटुंग्याचं यू.डी.सी.टी., म्हणजे रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग, १९३३ मध्ये विद्यापीठाचा विभाग म्हणून निघालं आणि २००८ ला अभिमत विद्यापीठ झालं. म्हणून डॉ. रघुनाथ माशेलकर (बी.केम. १९६६, पीएच.डी. १९६९) हे मुंबई विद्यापीठाचेच पदवीधर, नवी पाटी काहीही असो.

जुन्या नोंदींत पदवीच्या अक्षरांकडे नीट बघा. एल.सी.ई. (स्थापत्य) आणि एल.एम.अँड एस. (वैद्यक) यांतला 'एल' म्हणजे लायसेन्शिएट, परवानाधारक. या विद्यापीठाच्याच परीक्षा होत्या, पण बी.ए.च्या अर्थाने पदवी नव्हेत. विश्वेश्वरय्यांचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. बी.ए. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून, १८८१, ती मद्रास विद्यापीठाची. इंजिनियरिंग पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजचं सी.ओ.ई.पी., एल.सी.ई. १८८३, ती मुंबई विद्यापीठाची. त्यांना 'मुंबईचे बी.ई.' लिहिलेलं दिसलं की समजा, कुणीतरी आजच्या अक्षरांत भाषांतर करून टाकलंय.

अभ्यासिका

एका जुन्या नोंदीत 'जी.ए.' असं दिसतं. छपाईची चूक समजून 'बी.ए.' करू का?

टॉवरखाली

थांबा, तसं करू नका! व्यक्ती धोंडो केशव कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची असेल तर जी.ए. म्हणजे 'गृहीतागमा', तिथल्या पदवीधरेची उपाधी. त्याच्या वरची पी.ए., 'प्रदेयागमा'. हे विद्यापीठ १९१६ ला सुरू झालं, १९२० मध्ये ठाकरसींच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर त्याला एस.एन.डी.टी. हे नाव मिळालं, आणि कायद्याची मान्यता मिळाली १९५१ मध्ये. त्या आधीच्या जी.ए.ला सरकारी नोकरीत बी.ए.ची किंमत नव्हती. 'जी'चा 'बी' केलात तर त्या बाईंनी पत्करलेली नेमकी तीच अडचण नोंदीतून नाहीशी होते. मुंबईच्या यादीतही ती नोंद येत नाही.

सनावळीवाला

महिला विद्यापीठाचा विषय निघालाच आहे तर संस्थापकाची नोंदही इथेच द्या. धोंडो केशव कर्वे : बी.ए., एल्फिन्स्टन, १८८४, गणित. त्याच वर्षी त्याच कॉलेजातून गोपाळ कृष्ण गोखले. हा धागा पुढे लांबतो. टिळक १८९० अखेर डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, फर्ग्युसनमध्ये गणिताची जागा मोकळी झाली, आणि १८९१ ला गोखल्यांनी कर्व्यांना बोलावून घेतलं. कर्वे पुण्याला का आले, याचं उत्तर एका पदवीधर तुकडीत आणि एका राजीनाम्यात आहे. ध्येयवादाने भारलेल्या परिच्छेदांत ते दिसत नाही.

कर्व्यांच्या शिक्षणाचं अंतर मैलांत मोजता येतं. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते दापोलीजवळच्या मुरूडहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला पायी गेले, सुमारे ११० मैल. तिथे सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून बसू दिलं नाही. त्यामुळे वयाच्या मानाने त्यांच्या पुढच्या पायऱ्या उशिरा पडलेल्या दिसतात : मॅट्रिक १८८१, म्हणजे तेविसाव्या वर्षी. नोंदीत नुसती सालं दिली तर वाचक त्यांना मागे पडलेला विद्यार्थी समजेल.

आणि हे विसरू नका : मुंबई विद्यापीठाने त्यांना १९५७ मध्ये सन्मान्य एल्‌एल.डी. दिली. एकाच विद्यापीठाच्या दोन पदव्यांत ७३ वर्षांचं अंतर! सन्मान्य पदवी मात्र माथ्यावरच्या रकान्यात घेऊ नका, ती आयुष्याच्या भागात.

तळटीप

त्यात रँग्लर परांजपेही बसवा. र. पु. परांजपे, मुर्डीचे, कर्व्यांचे मामेभाऊ-आतेभाऊ नात्यातले, शिकायला त्यांच्याच घरी राहिलेले. फर्ग्युसनमधून मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, मग केंब्रिज, १८९९ ला सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले. इथेही बारकावा आहे : तो पहिला क्रमांक जॉर्ज बर्टविसल यांच्यासोबत विभागून होता. 'पहिले भारतीय सीनियर रँग्लर' हे बरोबर, 'एकटे पहिले' चूक. आणि इरावतीबाई याच परांजप्यांच्या घरी वाढल्या, पुढे कर्व्यांच्या सूनबाई झाल्या. कर्वे, परांजपे, इरावतीबाई या तीन नोंदींना एकमेकींचे दुवे द्यावेत.

अभ्यासिका

शेवटचा प्रश्न. विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरातल्या (वार्षिक माहितीपुस्तकातल्या) पदवीधरांच्या यादीत नाव नसेल तर माणूस पदवीधर नाही, असं धरायचं का? गांधीजींचं नाव काही याद्यांत दिसतं आणि सावरकरांचं कधी दिसत नाही.

जीर्णपत्र

दोन्ही वेगळी प्रकरणं. गांधीजी १८८७ ला अहमदाबाद केंद्रातून मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाले. भावनगरच्या सामळदास कॉलेजात एक सत्र काढून सोडलं. मॅट्रिक ही विद्यापीठाचीच परीक्षा असल्यामुळे 'मुंबई विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण' हे वाक्य खरं, आणि 'पदवीधर' खोटं. शाळान्त परीक्षा आज मंडळाकडे आहे म्हणून हे आपल्याला चटकन उमगत नाही.

सावरकर फर्ग्युसनचे, बी.ए. १९०५. ती पदवी विद्यापीठाने त्यांच्या राजकीय कारवायांमुळे काढून घेतली आणि १९६० मध्ये परत दिली. मधल्या यादीत नाव नसणं हा पदवी न मिळाल्याचा पुरावा होत नाही. म्हणून यादी बघताना ती कुठल्या वर्षीच्या कॅलेंडरातली आहे ते आधी टिपा, आणि शक्य असेल तर पदवीच्या लगेच पुढच्या वर्षाचं कॅलेंडर काढा. शोधताना आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव असे तिन्ही क्रम लावून पाहा, आणि रोमन स्पेलिंग आजच्या सवयीने धरू नका. आडनावाच्या शेवटी एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की संगणकावरचा शोध 'सापडलं नाही' म्हणतो, आणि माणूस त्याच पानावर तीन ओळी खाली असतो.